जहाजाची चौकशी

जहाज हलतं, अशी एकाची तक्रार होती. त्यासाठी त्याने एक तारा दिला होता. दुसऱ्याचं म्हणणं असं की चहूबाजूंनी नुसतं पाणीच दिसतं, पाहण्यासारखं काही नाही. त्यानेही एकच तारा दिला. एका बाईने लिहिलं होतं की गोव्याला पोचल्यावर उतरावं लागलं. मी हे सगळं चार दिवस वाचत होतो. ऑफिसात वाचलं, संडासात वाचलं, गाडी पंक्चर झाली तेव्हा पंक्चरवाल्याच्या टायरवर बसून वाचलं. वाईट अभिप्राय तीनशे बारा होते. चांगले चार हजारांच्या वर होते, पण त्यांच्याकडे मी पाहिलं नाही. चांगलं कसं लिहिलं जातं ते मला माहीत आहे. मी अमरावतीतल्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात आहे, आणि फी घेणं, पंखे बंद करणं, पालकांना सर मीटिंगमध्ये आहेत असं सांगणं याबरोबरच क्लासला दर आठवड्याला पाच-पाच तारे देणं हेही माझंच काम आहे. कधी मी अचलपूरचा कृतज्ञ पालक असतो, कधी चांदूर रेल्वेची मेहनती विद्यार्थिनी. या विद्यार्थिनीला तीन वर्षांत मी तीनदा मेडिकलला लावलं.

चौकशी माझ्यावर आली ती मंगळवारी सकाळी. सोमवारी प्रणालीने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, आईपुढे मोबाइल धरला आणि म्हणाली, इथं जायचं. मोबाइलवर एक पांढरं जहाज होतं. मुंबई ते गोवा, दोन रात्री. प्रणालीला नवऱ्याच्या घरून परत येऊन चौदा महिने झाले होते, आणि या चौदा महिन्यांत तिने काही मागितल्याचं मला आठवत नाही. भाजी अळणी असली तर ती अळणी खाते. आईने जहाजाचा फोटो नवरदेवाचा पाहावा तसा लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला, आणि म्हणाली, रंग बरा हाये. मग कंपनीला फोन झाला. मी आणि प्रणाली अशा दोन जागा त्यांनी धरून ठेवल्या, शनिवारी पाच वाजेपर्यंत हो किंवा नाही कळवा म्हणाले. मंगळवारी पोहे खाताना बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "गोपाल, तू चौकशी कर." एवढंच म्हणाले. बाबा तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यांची वाक्यं लहान असतात. पण हे वाक्य, याच खुर्चीतून, याच चार शब्दांत ते चार वर्षांपूर्वीही म्हणाले होते. त्यांच्या ते लक्षात नव्हतं. प्रणाली मागे चहा गाळत होती, तिची गाळणी मध्येच थांबली की मलाच तसं वाटलं ते सांगता येत नाही. मी पोह्यांबरोबर गालाचा आतला भाग चावला. दुखलं नाही. पुढच्या घासाला पुन्हा तिथंच चावलं. प्रणाली परत आली त्या आठवड्यात मी दाढ काढली होती, आणि डॉक्टर म्हणाले होते की बधिरपणा दोन तासांत उतरेल. चौदा महिने झाले. डॉक्टरांना मी एक तारा द्यायला हवा, पण दाढ त्यांनी चांगली काढली होती.

आमच्याकडे सोयरीक जुळवायच्या आधी मुलाकडच्या गावात कोणीतरी चौकशीला जातो. हे काम ठरलेल्या पद्धतीने होतं. बसस्टँडवर उतरायचं, आपण कोण ते सांगायचं नाही, आणि तीन ठिकाणी विचारायचं: पानठेला, न्हावी, किराणा. लोक सांगतात. पण सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं की हा पोरीकडचा आहे, नाहीतर दुपारी बारा वाजता परगावचा माणूस एका घराण्याबद्दल काहून विचारेल. आणि जुळत आलेली सोयरीक मोडणं हे पाप आहे, त्यामुळे कोणी वाईट बोलत नाही. बोलण्याची तऱ्हा ऐकायची असते. 'लय चांगले लोक हायेत' असं पटकन म्हटलं तर बरे आहेत. 'आपापल्या घरी सगळे चांगलेच असतात' असं म्हटलं तर उठून बस पकडायची. माणूस नुसता सुपारी कातरत राहिला आणि त्याने विषय कापसावर, पऱ्हाटीवर नेला, तर बस चालू व्हायचीही वाट पाहायची नाही. बाबा यात तरबेज होते. त्यांनी भातकुली तालुक्यातल्या निम्म्या पोरींच्या चौकशा केल्या असतील. पण चार वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि प्रणालीच्या सोयरिकीसाठी दर्यापूरला मी गेलो.

मी सात जणांना विचारलं. पानठेला झाला, न्हावी झाला, त्या न्हाव्याकडे मी गरज नसताना दाढी केली, किराणा झाला, एक मेडिकलवाला, एक मास्तर, एक शिंपी, आणि जीपची सवारी भरायची वाट पाहणारा एक माणूस, ज्याला मी काही विचारलंच नव्हतं. सातही जण म्हणाले, लय चांगले लोक. पटकन म्हणाले. मला आपण हुशार असल्यासारखं वाटू लागलं. ऊन होतं, बसला वेळ होता, म्हणून भांड्यांच्या एका दुकानात पाणी मागितलं आणि सहज आठवा माणूस विचारला. दुकानदार लोट्याला फडकं मारत होता. तो म्हणाला, "त्यायचं घर? पक्कं गिऱ्हाईक हाये आपलं. वर्षाले बारा ताटं मोडीत घालतात, बारा नवे नेतात." मी म्हटलं, बारा ताटं कशाला लागतात? तो म्हणाला, "चेपतात." मी म्हटलं, जेवताना? त्याने माझ्याकडे पाहिलं. लोटा फडताळात ठेवला, दुसरा घेतला. "आता जेवतानाच म्हना," तो म्हणाला, आणि आमच्या बाजूला यंदा पऱ्हाटी कशी आहे ते विचारू लागला.

मला कळलं होतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पण परतीच्या बसमध्ये वलगाव येईपर्यंत मला पूर्ण कळलं होतं. स्टीलचं ताट चेपायला काय लागतं, ते कोणत्या उंचीवरून कशावर पडावं लागतं, याचा मी खिडकीशी बसून बराच विचार केला. आणि मग, माझा स्वभावच तसा, मला त्यात गंमत दिसू लागली. जोरात जेवणारं घराणं. वरणावर इतका जीव की ताट वाकतं. मी एकटाच हसलो, शेजारच्या बाईने पिशवी आपल्याकडे ओढून घेतली. घरी आलो. बाबा पाय पाटावर ठेवून बसले होते, गुडघ्याला पट्टी. काय म्हनतात लोकं, त्यांनी विचारलं. आत आई, आणि आईच्या मागे प्रणाली, दाराच्या चौकटीला टेकून, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून. तिला मुलगा आवडला होता. तो तिला फोनवर विनोद सांगायचा, ते ती मला सांगायची, आणि ते खरंच बरे होते. मी म्हटलं, सगळे चांगलं म्हणतात. यात खोटं काही नव्हतं. आठव्यानेही चांगलंच म्हटलं होतं. पक्कं गिऱ्हाईक.

ती परत आली तेव्हा तिच्याबरोबर दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर होता. कुकर आपल्याकडून दिलेला होता म्हणून घेऊन आली, असं म्हणाली. शिटी तिकडेच राहिली होती. तिच्या डाव्या भुवईच्या वर एक खूण होती, बारीक, वाकडी, चंद्रकोरीपेक्षा उघडी. आईने विचारलं तर म्हणाली, पडली. मी काही विचारलं नाही. एका पूर्ण वर्तुळाचा तो किती भाग आहे हे मला पाहताक्षणी कळलं. पुढचं वर्तुळ मी मनात काढलं, त्यात वरण, भात, लोणचं वाढलं, आणि ते बरोबर बसलं. तेव्हापासून मी ताटात जेवत नाही. डब्यात घेतो. ऑफिसची सवय लागली, असं सांगितलं आहे.

म्हणून तीनशे बारा. सातांवर मी विश्वास ठेवला होता, आठव्यावर नाही. आता मी चार हजारांना सोडून तीनशे बारा घेऊन बसलो होतो. गुरुवारपर्यंत त्यातले बहुतेक गळाले. काहींचं भांडण बायकोशी होतं आणि तारा जहाजाला मिळाला होता. एकाने चुकून दुसऱ्याच जहाजाबद्दल लिहिलं होतं, आणि ते कळूनही काढलं नव्हतं. शेवटी एक राहिला. वामनराव, अकोला. त्यात ना शिवी होती ना उद्गारचिन्ह. 'बाथरूम लहान आहे. कोपर आपटते. चहा गार. तीन उलट्या.' तारा एक. मी त्याचे बाकीचे अभिप्राय उघडले. एकूण एक्केचाळीस, सगळे एक किंवा दोन ताऱ्यांचे. त्यात एक न्हावी होता, एक पिठाची गिरणी होती, एक स्मशानभूमी होती ('सावली कमी'), आणि जुन्या शहरातलं एक भांड्यांचं दुकान होतं: 'घरासमोर असूनही उपयोग नाही. उशिरा उघडते.' म्हणजे माणूस त्या दुकानासमोर राहत होता. मोबाइलवर दुकानाचा फोटो होता. दारात परातींची उतरंड, वर दोरीला टांगलेले डबे. ते फोटोतलं दुकान मी किती वेळ पाहिलं कोण जाणे. क्लासमधल्या एका पोराने येऊन विचारलं, सर, भांडे घेऊन राहिले का?

शनिवारी सकाळी मी अकोल्याच्या बसमध्ये बसलो. घरी सांगितलं, चौकशीला जातो. जहाजाची चौकशी अकोल्यात कशी, असं आईने विचारलं नाही. तिला वाटलं असावं, तिकडे ऑफिस असेल. बाबांनी पेपरातूनच मान हलवली. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मला वाटलं, उतरून परत जावं. मग वाटलं, परत जाऊन काय करावं. मग बस सुटली. माझे बरेच निर्णय असेच झालेले आहेत. मार्च लागला होता आणि अकोल्यात लोकांनी डोक्याला दुपट्टे बांधायला सुरुवात केली होती. जुन्या शहरात पोचलो, आणि मग पाय आपोआपच पानठेल्याकडे गेले. मी जहाजाची नाही, वामनरावांची चौकशी सुरू केली होती. पानठेलेवाला म्हणाला, त्यायच्या नादी नका लागू, माह्या चुन्याले नावं ठेवतात. न्हावी म्हणाला, "कटिंग झाली का मांगून आरसा धराले लावते, अन् म्हनते वाकडी हाये."

"मग असते का वाकडी?"

न्हाव्याने कात्री थांबवली. खुर्चीतलं गिऱ्हाईकही आरशातून त्याच्याकडे पाहू लागलं. "असते थोडीशी," तो म्हणाला.

भांड्याच्या दुकानाला शटर होतं आणि ते अर्धं वर होतं. दुकानदार वाकून ते पूर्ण उचलत होता. मी वामनरावांबद्दल विचारलं तर तो चिडला. लोकांचे धंदे बसवतो हा माणूस, म्हणाला. आमी उशिरा उघडतो म्हून लिहिलं, आता हे काय लिहायची गोष्ट हाये का? साडेअकरा वाजले होते. आत परातींवर ऊन पडलं आणि त्या सगळ्या एकदम माझ्याकडे पाहू लागल्यासारख्या झाल्या. एका कोपऱ्यात मोडीची भांडी पडली होती, त्यात वरच्या वर एक ताट. मी पुढे होऊन ते हातात घेतलं. कडेला खड्डा होता. अंगठा त्यात बरोबर बसला. ते मोडीचं हाये, दुकानदार म्हणाला, नवं दाखवू? मी म्हटलं, नको. गालाच्या आत जीभ फिरवली. चावलेल्या जागी काहीतरी होतं, पण ते दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडात असावं इतकं लांब.

वामनराव समोरच्या घराच्या ओट्यावर बनियनवर बसून कूलर धूत होते. सत्तरीचे, किडकिडीत, चष्म्याला मागून दोरी. जहाजवाल्यायचे का तुमी, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, अमरावतीहून आलो, तुमचं लिहिलेलं वाचून. बस खाली, म्हणाले. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. एक्केचाळीस ठिकाणी लिहिल्यावर कोणीतरी कधीतरी येणारच, असं त्यांनी धरलेलं असावं. मी विचारायच्या आधीच त्यांनी कूलरची जाळी बाजूला ठेवली, उभे राहिले, आणि दोन्ही कोपरं अंगाला चिकटवून दाखवली. एवढं बाथरूम, म्हणाले. साबण लावाले गेलं का आपटलंच. चहा गार, दोनदा परत केला तरी गार. उलट्या तीन, चौथी आली नाही, म्हून लिहिली नाही. तेवढ्यात आतून त्यांची बायको पाणी घेऊन आली. जमुनाबाई, ठेंगण्या, हसऱ्या. जहाजाचं चालू आहे हे कळल्यावर त्या दारातच बसल्या. "हे उलट्या करून राह्यले होते अन् मी समुद्र पाहून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "उद्या म्हटलं तर उद्या जाईन." मी वामनरावांकडे पाहिलं. मला वाटलं ते खोडतील.

"खरं हाये," ते म्हणाले. "तिनं लय पाह्यला."

मग मी त्यांना विचारलं की बहिणीला न्यावं की नाही. प्रश्न विचारताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण जमुनाबाईंनी फुलपात्र माझ्याकडे सरकवलं. वामनरावांना प्रश्न कळला नाही. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला.

"ते मले काय माहीत? तिले सांगितलं का तू, बाथरूम लहान हाये म्हून?"

"नाही."

"काहून?"

"तिला आधीच... तिनं पहिल्यांदाच काही मागितलं. वाईट वाटलं असतं."

"अन् कोपर आपटल्यावर?" वामनराव म्हणाले, आणि पुन्हा कूलरशी बसले.

त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते बाथरूमबद्दलच बोलत होते. जाळीतून काळं पाणी ओट्यावरून खाली, नालीकडे निघालं होतं आणि मी त्याच्याकडे पाहत बसलो. मी कुठं लिहिलं जाऊ नका म्हून, ते जाळीशीच बोलल्यासारखं म्हणत होते. लोकं उगाच फोन करतात, जावं का न जावं. अरे, मी बाथरूम सांगितलं, आता तुमी पाहा. जमुनाबाईंनी जेवून जा म्हटलं. ताटं मांडल्याचा आवाज आला, तसा मी उठलो आणि बस आहे म्हणून सांगितलं. बसला अजून वेळ होता.

घरी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. बाबा झोपले होते, आई शेजारी गेली होती. प्रणाली गच्चीवर मुगवड्या राखत होती. जुन्या लुगड्यावर वड्या पसरलेल्या, ती टाकीच्या सावलीत, हातात काठी. समोरच्या भिंतीवर दोन कावळे आपण इथले नसल्यासारखे बसलेले. मी शेजारी बसलो आणि मोबाइल काढून वाचू लागलो. जहाज हलतं. चहूबाजूंनी पाणी. गोव्याला उतरावं लागलं. हे ऐकून तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग वामनरावांचं वाचलं, आणि कोपरं अंगाला लावून दाखवली. अकोल्याला गेलो होतो हेही सांगितलं. तू येडा हायेस, ती म्हणाली. वड्यांकडेच पाहत म्हणाली.

"अजून एक आहे," मी म्हटलं. "जुना आहे. दर्यापूरचा."

तिची काठी जमिनीला टेकली. मी सांगितलं. भांड्याचं दुकान, लोटा, फडकं, बारा ताटं. त्याने काय म्हटलं ते त्याच्याच शब्दांत सांगितलं, कारण माझ्याकडे दुसरे शब्द नव्हते. वलगाव येईपर्यंत मला कळलं होतं, हेही सांगितलं. बसमध्ये हसलो होतो, हे सांगितलं. हे सांगायची गरज नव्हती, पण एकदा सुरू झाल्यावर कुठे थांबायचं ते मला कळेना. सांगून झालं. गच्चीवर टाकीत पाणी पडत होतं, ते भरलं आणि वाहू लागलं, आणि आम्ही दोघंही मोटर बंद करायला उठलो नाही.

"बारा म्हने?" ती म्हणाली.

"बारा."

"माह्या वेळी जास्त झाले."

 ती काठीच्या टोकाने एक वडी सरळ करत होती, जी सरळच होती. "तू सांगितलं असतं तरी मी कदाचित केलंच असतं," ती म्हणाली. "मले आवडला होता तो. पन मग मी माहीत असून केलं असतं ना, दादा. पहिलं ताट आलं तेव्हा मी इकडं-तिकडं पाहून राह्यली होती, का हे कोनाले फेकलं." तिचा आवाज पिशवीत काय काय आणायचं ते सांगावं तसा होता. मग तिने हात पुढे केला. मला वाटलं मारते. मी गाल पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. तिने मोबाइल मागितला.

पाचला बारा मिनिटं होती. तिने कंपनीला फोन लावला, बाथरूम खरंच लहान आहे का विचारलं, पलीकडच्या मुलीने पाच ताऱ्यांच्या आवाजात काहीतरी उत्तर दिलं, ते पूर्ण ऐकून घेतलं, आणि म्हणाली, ठीक आहे, आम्ही येतो. दोन जागांपैकी एक नाव बदलायचं आहे, म्हणाली. गोपाल काढा. आईचं पूर्ण नाव, वय, आधारवरचं स्पेलिंग तिने एकेक अक्षर करून सांगितलं. फोन माझ्या हातात परत देताना तिने काठीही दिली.

"आई अन् मी जातो. तू घरी राह्य," ती म्हणाली. "वड्या राख."

ती खाली गेली. मोटर बंद झाली. मी टाकीच्या सावलीत, तिच्या जागी बसलो. फरशी अजून कोमट होती. गालाच्या आत, चावलेल्या जागी, जीभ लागली आणि मी जरा दचकलो, पण ते दुखणं होतं की दुखण्याची आठवण हे नीट पाहायच्या आत भिंतीवरचा एक कावळा उतरला. मी काठी हलवली नाही. त्याने कडेची एक वडी उचलली, चोचीत फिरवली, आणि जिथून उचलली होती त्याच्याच जवळ परत टाकली. मग चोच लुगड्याला पुसून उडून गेला. मी उठून जिन्याच्या तोंडाशी गेलो.

"प्रणाली," मी खाली वाकून म्हटलं, "कावळ्यानं वडी टाकून दिली. मीठ जास्त झालं वाटते."

 खालून भांडी हलल्याचा आवाज झाला, थांबला.

"माहीत हाये," ती म्हणाली. "आईनं दोनदा टाकलं."